गाळले आहे, हे सांगणारी गाळणी

नववी-दहावीला इतिहास शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारीत असे. "पुस्तकात जे नाही, ते घडलंच नाही का?" मुले एका सुरात म्हणत, "घडलंय सर!" मग माझा पुढचा प्रश्न असे, "मग ते पुस्तकातून काढलं कुणी? आणि काढताना कुणाला सांगितलं का?" इथे वर्ग गप्प होई. एखादा धीट मुलगा म्हणे, "सर, बोर्डाने."

मंडळी, हा प्रश्न फक्त शाळेच्या पुस्तकाचा नाही. जिथे जिथे नोंदींचा मोठा साठा असतो आणि समोर मागणारा माणूस असतो, तिथे तिथे हा प्रश्न येतोच. सगळे दाखवले तर मागणारा बुडून जातो, आणि निवडून दाखवले तर निवडणाऱ्याच्या हातात सत्ता जाते. आजचे संगणकवाले यावर डोके खाजवतात. आमच्या सातारा-सांगलीकडच्या दफ्तरवाल्यांनी आणि संशोधकांनी त्यावर फार आधी विचार केला होता. या दोन टोकांना जोडणारे थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आपल्या घरातल्या एका कामाशीही त्याचा संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

आधी जुने दफ्तर पाहू.

छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या कारभारात रोजच्या व्यवहाराची नोंद ज्या कागदांवर होई त्यांना रोजकीर्द म्हणत. हुकूम सुटला, रक्कम दिली, इनाम दिले, दंड केला, सगळे तारीखवार. कीर्द म्हणजे कच्चा माल. पण कारभाऱ्याला रोज उठून कीर्द वाचणे परवडत नाही. म्हणून तिच्यावरून पुढचे कागद तयार होत. एकेका खात्याखाली रकमा वेगळ्या काढायच्या ती खतावणी. वर्षाचा जमाखर्च एकत्र मांडायचा तो ताळेबंद. त्याहून संक्षेप केलेला तो तर्जुमा. फडातून येणाऱ्या हिशेबांचे असे वर्गीकरण करण्यासाठी पुण्याला एकबेरीज दफ्तर नावाचे स्वतंत्र खातेच होते.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खतावणी झाली म्हणून कीर्द फाडून टाकीत नसत. शंका आली की खतावणीवरून मागे कीर्दीपर्यंत जाता येई. गाळलेला कागद वेगळा आणि मूळ कागद वेगळा, दोन्ही जागेवर. आजच्या भाषेत सांगायचे तर गाळणी फक्त दाखवण्यावर होती, साठ्यावर नव्हती.

साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. पेशवाई त्याआधी ३० वर्षे गेलेली. इंग्रजांना या कागदांत इतिहास म्हणून फारसा रस नव्हता. कुणाचे इनाम खरे आणि कुणाचे खोटे हे ठरवण्यासाठी ते हवे होते. हे कागद पुण्याच्या दफ्तरखान्यात एकत्र झाले. आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो ते हेच, आणि त्यात सातारच्या महाराजांचे दफ्तरही आहे. सुमारे ३५,००० रुमाल! (आजच्या मुलांसाठी: रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवीत तो.) पुढे कित्येक दशके संशोधकांना या दफ्तराचे दार जवळजवळ बंदच होते. म्हणजे पहिली गाळणी दारावरच बसलेली होती.

आता या साठ्यातून लोकांपुढे काय ठेवायचे? आपल्या भागात याची तीन उत्तरे निघाली. तिन्ही माणसे मोठी होती, आणि तिघांची रीत वेगळी.

पहिली रीत रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांची. सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून त्यांनी उतारे निवडले. ते १९०० नंतरच्या दहाबारा वर्षांत ९ भागांत छापले गेले. वाडांनी उतारे विषयवार लावले. राजकीय, किल्ले, महसूल, न्याय असे. न्यायनिवाडे शोधणाऱ्याला लढायांची पाने उलटावी लागत नाहीत. या रोजनिश्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली निबंध वाचला. त्यांचा रोख असा की, बखरींत आणि ग्रँट डफच्या इतिहासात लढाया आणि कारस्थाने भरपूर आहेत, पण नाणी, वेठबिगार, दारूबंदी, लग्नाचे नियम, न्याय अशी लोकांच्या जगण्याची बाजू या रोजनिश्यांतूनच कळते. ग्रँट डफ साताऱ्यालाच इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा इतिहास १८२६ साली निघाला. एकाच राज्याचे कागद, पण गाळणी बदलली तर वेगळाच देश दिसू लागतो.

विषयवारीची अडचण पण सांगितली पाहिजे. एखाद्या नोंदीत किल्लाही असतो, महसूलही असतो आणि एका विधवेचा अर्जही असतो. ती कुठल्या मथळ्याखाली ठेवायची? 'किल्ले'खाली ठेवली तर विधवांचा इतिहास शोधणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही. मथळा देणाऱ्याला जो विषय सुचला नाही, तो विषय वाचणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी रीत वासुदेवशास्त्री खरे यांची. ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. (शिक्षकाला शिक्षकाचे कौतुक जरा जास्तच, समजून घ्या.) पटवर्धन सरदारांच्या घरी पत्रांचे ढीग पडले होते. शाळा सांभाळून शास्त्रीबुवांनी ते वाचले, नकला केल्या, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला सुरुवात केली. १९२४ साली ते गेले तोवर १२ भाग झाले होते. पुढचे काम त्यांच्या चिरंजीवांनी चालवले. त्यांची पद्धत निवडीची. पण पत्रे नुसती एकापुढे एक लावली नाहीत. प्रकरणाच्या आधी निवेदन, म्हणजे काय चालले होते, कोण कुठे होता, ही पत्रे का वाचायची. मग पत्रे, अनुक्रमांकासह, तारखांसह. नवख्या वाचकाचा हात धरून नेणारी रीत.

खऱ्यांची नजर राजकारणावर आणि मोहिमांवर होती. हैदरावरच्या स्वाऱ्या, टिपूशी युद्ध, १७९५ ची खर्ड्याची लढाई. छावणीतून आलेली ही पत्रे वाचताना घोड्यांच्या टापा ऐकू येतात. घरगुती हिशेब, नोकरांच्या तक्रारी, देणीघेणी यांना संग्रहात त्या मानाने जागा थोडी. एका माणसाच्या आयुष्यात ढिगातले किती छापून होणार! पण नाव 'लेखसंग्रह' असले तरी ही निवड आहे, हे त्यांचे निवेदनच सांगत राहते. निवडणारा माणूस पानावर हजर असतो, आणि त्याच्याशी वाद घालता येतो. हा मोठा प्रामाणिकपणा आहे.

तिसरी रीत इतिहासाचार्य राजवाड्यांची. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यातली कागदपत्रे आपल्या वाईला सापडलेली होती. पुढे असे २२ खंड झाले. राजवाड्यांचा बाणा असा की अस्सल कागद मिळाला की तो जसाच्या तसा छापायचा. महत्त्वाचा कुठला आणि बिनमहत्त्वाचा कुठला हे आज ठरवणारे आपण कोण? उद्याचा माणूस वेगळा प्रश्न घेऊन येईल. त्यांच्या प्रस्तावना मात्र पानेच्या पाने, आणि मते तर विचारूच नका! पण मते प्रस्तावनेत आणि कागद कागदाच्या जागी, अशी वाटणी होती.

एका बाजूला वाडांची विषयवारी, दुसरीकडे खऱ्यांची निवेदनासह निवड, तिसरीकडे राजवाड्यांचे 'सगळे घ्या, गाळायचे ते तुम्ही गाळा'. पुढे रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ भाग काढले. ४५ भाग म्हणजे केवढा ढीग! तरी ३५,००० रुमालांपुढे ठेवला तर मूठभरच.

इथून आता एकदम संगणकावर उडी मारतो. माझा भाचा पुण्याला एका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्याशी या विषयावर बोलताना तो म्हणाला, "मामा, तुम्ही जे दफ्तराचं सांगताय ना, तेच आमच्याकडे रोज चालतं." आणि त्याने मला 'हू-इज' नावाची आज्ञा दाखवली. हू-इज म्हणजे 'कोण आहे?' अगदी चौकीवरच्या शिपायाचा प्रश्न.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक जाळ्याला आकड्यांचे पत्ते दिलेले असतात. कुठले आकडे कुठल्या संस्थेला दिले, तिथला जबाबदार माणूस कोण, याची नोंदवही ठेवावी लागते. ही वही विचारायची जुनी सोय म्हणजे हू-इज. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर शब्द टंकायचा, एन्टर दाबायचे, की ओळींमागून ओळी येतात. डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे मजकूर. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखेच.

या वहीची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला झाली. तिथे एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली त्या वेळच्या जाळ्याचे माहिती केंद्र चाले. आधी टेलिफोन डिरेक्टरीसारखे छापील पुस्तक निघे. मार्च १९८२ मध्ये हॅरेनस्टीन आणि व्हाइट या दोघांनी हू-इजचे नियम लिहून प्रसिद्ध केले, ते आरएफसी ८१२ या क्रमांकाने ओळखले जातात. जाळे वापरणाऱ्याने आपले पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, टेलिफोन आणि जाळ्यावरची पेटी, एवढे नोंदवावे अशी अपेक्षा होती. आणि विचारील त्याला ते सगळे दिसे. तेव्हा जाळेच केवढेसे! गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तसे.

गंमत म्हणजे, त्या पहिल्या नियमांतच गाळण्या आहेत. आडनाव टंकले आणि तसे एकच माणूस असले तर त्याची पूर्ण नोंद येई. पुष्कळ असले तर प्रत्येकाची एकेक ओळ. शब्दाआधी उद्गारचिन्ह टाकले तर फक्त संकेतनामात शोध. आधी टिंब टाकले तर फक्त नावात. शेवटी तीन टिंबे टाकली तर 'या अक्षरांनी सुरू होणारे सगळे'. खतावणी करणाऱ्या कारकुनाला हे लगेच कळले असते.

भारतात ही वही आली ती मुंबईच्या वाटेने. आपल्या देशाचे '.इन' हे नाव १९८९ साली नोंदले गेले, आणि त्याची व्यवस्था मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होती. २००५ पासून ती निक्सीकडे गेली. आकडी पत्त्यांची आशिया-पॅसिफिकची मोठी वही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एपनिककडे असते, आणि युरोपची वही ॲमस्टरडॅमला, तिचे नाव राइप.

भाच्याने मला मुद्दाम राइपची वही उघडून दाखवली. कारण गाळण्यांचा विचार तिथे फार बारकाईने झालेला आहे. आज्ञेपुढे आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर टाकले की उत्तर बदलते. लहान 'आर' टाकला तर जाळ्याची नोंद येते, पण तिच्याशी जोडलेल्या माणसांच्या नोंदी मागोमाग येत नाहीत. मोठा 'के' टाकला तर फक्त मुख्य ओळख, बाकी मजकूर नाही. मोठा 'टी' आणि प्रकार सांगितला तर त्या प्रकारच्याच नोंदी. म्हणजे वाडांची विषयवारी! लहान 'आय' टाकला तर उलटा शोध, अमुक माणसाचे नाव ज्या ज्या नोंदीत आहे त्या सगळ्या. हे वाडांच्या उताऱ्यांना जमले असते तर त्या विधवेचा अर्ज किल्ल्यांच्या मथळ्याखालूनही वर आला असता.

पण मला खरा आनंद झाला तो एका साध्या ओळीने. काहीही अक्षर न टाकता साधा प्रश्न विचारला, तर राइपची वही ईमेलसारखे काही रकाने आपणहून गाळते. आणि उत्तराच्या वरच्या भागात टक्क्याचे चिन्ह लावून एक सूचना देते. तिचा आशय असा: हे उत्तर गाळलेले आहे, न गाळलेले हवे असेल तर मोठा 'बी' वापरा.

मी भाच्याला म्हटले, "ही ओळ ज्याने लिहिली त्याला माझा नमस्कार सांग." तो हसला. पण मंडळी, मी गंभीरपणे म्हणत होतो. एवढ्या दोन ओळींत तीन गोष्टी साधल्या आहेत. काहीतरी कमी आहे हे कळले. ते नष्ट झालेले नाही, जागेवर आहे, हे कळले. आणि तिथे जायची वाट कळली. पुस्तकातून कुणी काढले, असे मी वर्गात विचारायचो, त्याचे हे उत्तर.

भाच्याने एक मेखही दाखवली. संगणकावर काम करणारी मंडळी एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेत ओततात, नळाला नळ जोडावा तसे. युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७३ पासून ही सोय आहे. सगळे उत्तर घ्यायचे आणि 'ग्रेप' नावाच्या चाळणीतून आपल्याला हव्या त्या ओळी काढायच्या. ही राजवाड्यांची रीत म्हणा. पण तसे केले की टक्क्याची सूचना चाळणीत वरच अडकते आणि खाली फक्त माहिती पडते. ती माहिती पुढे तिसऱ्याच्या हाती गेली की त्याला वाटते, हेच संपूर्ण. आपल्याकडेही हेच होते. खऱ्यांच्या संग्रहातले पत्र कुणीतरी पुस्तकात घेतो, त्यातले चार वाक्य वर्तमानपत्रात येते, तिथून भाषणात. भाग आणि अनुक्रमांक वाटेत गळतात. मग ते चार वाक्य म्हणजेच इतिहास!

म्हणून अशी साधने बनवणाऱ्यांनी दोन उत्तरांतला फरक जपला पाहिजे. 'नोंद नाही' हे एक उत्तर, आणि 'नोंद आहे पण दाखवत नाही' हे दुसरे. शाळेत हजेरीपट भरताना आम्ही हे रोज करीत होतो. गैरहजर मुलगा वेगळा आणि पटावर नावच नसलेला मुलगा वेगळा. दोघांची जागा कोरी ठेवली तर महिन्याअखेर बेरीज कशी लागेल?

तिसराही प्रकार आहे, आणि तो आमच्या जिल्ह्याने शिकवला. सांगली जिल्हा १९४९ साली झाला तेव्हा त्याचे नाव होते दक्षिण सातारा. साताऱ्याचे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे भाग आणि संस्थानांचे मिरज, जत असे प्रदेश एकत्र करून तो झाला. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० चे. आता कुणी १९४२ च्या चळवळीची कागदपत्रे 'सांगली जिल्हा' असा शब्द घालून शोधील, तर उत्तर येईल, काही नाही. वाळवे तालुका पेटला होता, पण तो साताऱ्याच्या नावाखाली. प्रतिसरकारला आपण साताऱ्याचे म्हणतो, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात आहे. चांगल्या वहीने अशा वेळी 'काही नाही' म्हणून गप्प बसू नये. 'दक्षिण सातारा किंवा सातारा या नावाने पाहा' असे सांगावे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, कारण सगळे उघडे टाकणे म्हणजेच प्रामाणिकपणा, असेही नाही. १९८२ सालचे ते छोटे गाव पुढे अवाढव्य शहर झाले. हू-इजमधून लोकांचे पत्ते, फोन, ईमेल उचलून नको ती पत्रे पाठवणारे निघाले, धमकावणारेही निघाले. युरोपात खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानंतर जगभरच्या नावांच्या नोंदींत माणसाच्या नावाच्या जागी 'खासगीपणासाठी वगळले' अशा अर्थाचे शब्द दिसू लागले. फसवणुकीचा तपास करणारे पोलीस आणि पत्रकार यांनी तक्रार केली, आणि तीही खोटी नव्हती.

मग हू-इजच्या जागी आरडॅप नावाची नवी पद्धत आली. तिचे नियम २०१५ चे. '.कॉम'सारख्या सामान्य नावांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून तीच अधिकृत आहे. मार्च २०२४ मध्ये त्या पद्धतीला एक पुरवणी जोडली गेली, आरएफसी ९५३७. तिचा विषयच मुळी 'काय वगळले ते कसे सांगावे' हा आहे. रकाना पूर्ण काढला, की रिकामा ठेवला, की अर्धाच दाखवला, की त्याच्या जागी दुसरे काही घातले, हे उत्तरासोबतच यादी करून सांगता येते. ४२ वर्षांच्या वाटचालीनंतर ती टक्क्याची साधी सूचना अशी शिस्तीत बसली!

आपल्याकडे हे तत्त्व कायद्यातही आहे, फारसे कुणी लक्ष देत नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५, त्याचे कलम १०. मागितलेल्या कागदातला काही भाग देता येत नसेल तर उरलेला भाग द्यायचा, आणि सोबत कळवायचे की हा कागदाचा काही भाग आहे, बाकीचा अमुक कारणाने वगळला आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना एका कार्यालयाकडून मिळालेल्या प्रतींत मधली पाने नव्हती आणि तसे कळवलेलेही नव्हते. पृष्ठक्रमांक सलग नाहीत हे त्यांच्या लक्षात आले म्हणून ठीक. पृष्ठक्रमांकच नसते तर?

असो. आता घरचे काम.

आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि या वेळी ती संगणकावरही असणार, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. कामाला लागलेल्या मुलामुलींचे मनापासून कौतुक. परवाच्या बैठकीत चर्चा झाली ती अशी. फोन आणि पत्ते सगळ्यांना दिसू द्यायचे का? लहानपणीच गेलेल्या मुलांची नावे ठेवायची का? 'उगीच पसारा' असे एकजण म्हणाले. मोडलेली लग्ने, दत्तक गेलेले, घर सोडून गेलेले, यांचे काय? आणि मुलींची शाखा लग्नापाशी थांबवायची, ही जुन्या आवृत्तीची रीत चालू ठेवायची का?

जुनी आवृत्ती माझ्यापुढे आहे. तिच्यात माझ्या आजीचे माहेरचे नावसुद्धा नाही. मोठ्या आत्याचे नाव आहे, पुढे 'विवाहित' एवढा एक शब्द, आणि शाखा संपली. तिला पाच मुले होती. वाचणाऱ्याला ती नाहीतच. शिवाय ती गाळली आहेत असेही कुठे लिहिलेले नाही. माझ्या बहिणीने ते पान पाहून एकदाच विचारले, "दादा, आम्ही कुठे गेलो?" तिला काय सांगणार!

तेव्हा माझे म्हणणे असे, आणि बैठकीत बोलायला वेळ कमी पडला म्हणून इथे लिहितो.

मूळ वहीत सगळे घ्या. अल्पायुषी मुले, मुलींच्या शाखा, दत्तक, सगळे. ती आपली कीर्द. तिच्यातून काहीही खोडायचे नाही, चूक निघाली तर दुरुस्ती शेजारी लिहायची. पाहणाऱ्याला काय दिसेल हे वेगळे ठरवा. हयात माणसांचे फोन, पत्ते, जन्मतारखा साध्या मागणीला दिसू नयेत. ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्यांना एखादी नोंद उघड नको असेल, तर तीही दिसू नये. त्यांच्या मनाविरुद्ध ती छापायचा आपल्याला हक्क नाही. पण जिथे काही झाकले असेल तिथे एक ओळ आलीच पाहिजे: 'येथील काही माहिती दाखवलेली नाही, कुटुंबीयांनी अमुक व्यक्तीकडे चौकशी करावी.' आणि माहितीच मिळाली नसेल तर तसे लिहा, 'माहिती मिळाली नाही'. दोन्हींसाठी कोरी जागा नको.

शाळा सोडल्याचा दाखला आठवा. त्यावर शेवटी लिहिलेले असते की वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. दाखला छोटा, रजिस्टर मोठे, पण दाखला आपल्या रजिस्टरचा पत्ता सांगतो. आपल्या छापील प्रतीच्या प्रत्येक पानाखाली मूळ वहीतला क्रमांक घाला. पन्नास वर्षांनी कुणी एकच पान फोटो काढून पाठवील, तेव्हा तो क्रमांक तरी सोबत जाईल.

मुलींच्या शाखांचे काम मी अंगावर घेतो. माझ्या पिढीतल्या आत्या, मावश्या, बहिणी यांची नावे, सासरची गावे आणि मुलांची नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी मला दिवाळीपर्यंत कळवावीत. आडनाव आठवत नसेल तर गाव कळवा. गाव आठवत नसेल तर जे आठवते ते कळवा. बाहेरून वाचणाऱ्या मित्रांनीही आपापल्या घरचे वृत्तांत एकदा उघडून पाहावेत, आणि त्यात कोण गाळले गेले आहे ते जमल्यास समासात लिहून ठेवावे. शाईच्या पेनाने लिहा, पेन्सिल पुसली जाते.